पाण्याचा एक रेणू

लॅबमध्ये तिला सगळे दशांशताई म्हणत. पाठीमागे म्हणतच, पण तोंडावरही म्हणत, आणि तिला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. नाव पडलं त्याला वीसेक वर्षं होऊन गेली होती. वॉर्डातल्या एका नव्या डॉक्टरनं फोनवर तिलाच तिनं मोजलेला आकडा वाचून दाखवला, "चार." ही म्हणाली, "चार पॉइंट किती?" तो म्हणाला, "पॉइंट काही नाही हो, नुसते चार." "काही नाही असं नसतं. चार पॉइंट शून्य म्हणा. शून्यसुद्धा मोजूनच आलेलं असतं." फोन ठेवेपर्यंत आजूबाजूच्या तिघी पोट धरून हसत होत्या. संध्याकाळपर्यंत नाव सगळ्या इमारतीत पोचलं.

लॅब तळमजल्यावर होती. जिन्याखालून वळलं की एक लांबट खोली, एका भिंतीला ओटा, ओट्यावर गरम पाण्याची टाकी आणि रंग मोजणारं यंत्र. टोकाला काचेच्या दाराची कोठडी होती आणि तिच्यात दगडी फळीवर तराजू. दार आपटलं तरी त्याचा काटा हलायचा, म्हणून तोलताना ती श्वास धरून उभी राही. तेवढा वेळ कुणी तिला हाक मारत नसे. अठ्ठावीस वर्षांत आगीची घंटा एकदा वाजली होती, तेव्हासुद्धा तिनं आधी तोल पुरा केला आणि मग बाहेर आली, असं लोक सांगत. तसं झालं नव्हतं. पण तिनं कधी खोडून काढलं नाही.

रक्तातली साखर कशी मोजतात हे ती कुणालाही चार वाक्यांत समजावून देई. रक्ताचा वरचा पिवळसर भाग घ्यायचा, त्यात एक द्रव घालायचा, साखर असेल तेवढा गुलाबी रंग चढतो. पण किती रंग म्हणजे किती साखर, हे यंत्राला कोण सांगणार? म्हणून शेजारी एक नळी अशी ठेवायची, की जिच्यातली साखर आपण स्वतःच्या हातानं तोलून घातली आहे. तिला म्हणायचं स्टँडर्ड. तिच्या रंगाशी रोग्याचा रंग ताडून बघायचा. "मापच खोटं असेल तर धान्याचा काय दोष?" ती म्हणे.

ते माप ती दर दोन महिन्यांनी स्वतः तयार करी. एक ग्रॅम ग्लुकोज, चौथ्या दशांशापर्यंत तोलून. शंभर मिलिलिटरच्या चंबूत घालून, मानेवरच्या रेघेपर्यंत भरायचं. मग रात्रभर तसंच ठेवायचं, कारण नुकत्याच विरघळलेल्या ग्लुकोजला आपलं रूप स्थिरस्थावर करायला वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी त्यातलं दहा मिलिलिटर घेऊन पुन्हा शंभर करायचं. त्या द्रावणात दर शंभर मिलिलिटरला बरोबर शंभर मिलिग्रॅम साखर. तयार बाटल्या विकत मिळत नव्हत्या असं नाही. पण तिचं स्टँडर्ड विकतच्यापेक्षा बरं, हे इमारतीत काळ्या दगडावरची रेघ होतं.

त्या मंगळवारी सकाळी तिनं आदल्या दिवशी केलेलं नवं स्टँडर्ड पहिल्यांदा यंत्रात लावलं. काटा शून्य पॉइंट तीन तीन शून्यावर थांबला.

तिनं नळी काढली, पुसली, परत लावली. तेवढाच. गेले सात आठवडे रोज सकाळी शून्य पॉइंट तीन शून्य शून्य येत होतं, दोन-तीन इकडेतिकडे. तिनं रोजच्या तपासणीचं कंट्रोल लावलं. कंट्रोल म्हणजे उरलेल्या रक्तांचा एकत्र केलेला साठा, छोट्या नळ्यांत गोठवून ठेवलेला. त्याची साखर एकशे दहा, हे तिनंच वीस वेळा मोजून ठरवलं होतं. आज ते शंभर आलं.

"काय गं, भूत बघितलंस का?" डासबाई दारातून म्हणाली. ती सकाळभर लोकांची रक्तं काढायची, म्हणून डासबाई. हे नाव तिनं स्वतःच ठेवून घेतलं होतं, दुसऱ्या कुणी आणखी वाईट ठेवायच्या आत. तिच्या हातात नळ्यांचा ट्रे होता.

"कंट्रोल शंभर आलं."

"मग पेढे वाट. शंभरपैकी शंभर."

"एकशे दहा यायला हवं होतं."

"दहाच ना कमी? माझ्या लेकाला गणितात पस्तीस पडले तर आम्ही घरात उजळ माथ्यानं फिरतो." पण दशांशताईचा चेहरा बघून तिनं ट्रे हळूच ओट्यावर ठेवला. "यंत्र बिघडलं असेल. थोड्या वेळानं लाव."

यंत्र बिघडलं नव्हतं. तिनं दिवा तपासला, पिपेट बदलली, द्रवाची नवी बाटली फोडली. मग फ्रिजमधून जुनं स्टँडर्ड काढलं, तळाशी चार थेंब उरले होते, आणि जुनं व नवं शेजारीशेजारी लावलं. जुनं पॉइंट तीन शून्य शून्य. नवं पॉइंट तीन तीन शून्य. दोघांवर लेबल एकच: शंभर. दोघांपैकी एक खोटं बोलत होतं.

तिनं रजिस्टर मागे चाळलं. सात आठवड्यांपूर्वीच्या पानांवर स्टँडर्ड पॉइंट तीन दोन आठ, तीन तीन एक, तीन दोन नऊ. मग एका बुधवारी एकदम तीन शून्य शून्य. समोर तिच्याच नेटक्या अक्षरात: 'द्रवाची नवी बाटली सुरू, म्हणून फरक.' तिला आठवलं, हे लिहिताना तिला क्षणभर खटकलं होतं. पण द्रवाची बाटली खरोखरच नवी होती, आणि कारण समोर असताना दुसरं शोधायला कोण जातं? एरवी जुन्या कंट्रोलनं लगेच बोंब मारली असती. पण त्याच आठवड्यात फ्रिज दोन दिवस बंद पडून जुना साठा नासला होता. नवा साठा तिनं नव्या स्टँडर्डवरच मोजून घेतला होता. म्हणजे आरोपी आणि जामीनदार एकाच घरचे. सात आठवडे ते एकमेकांसाठी साक्ष देत होते.

ती उठून रसायनांच्या कपाटाकडे गेली. काल तिनं ग्लुकोजची नवी बाटली फोडली होती; गेल्या वेळची खालच्या फळीवर मागे सरकवलेली होती. तेच हिरवं झाकण, तीच कंपनी, तेच मोठ्या अक्षरातलं नाव. आणि नावाखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत, एक शब्द जास्त: मोनोहायड्रेट.

बाटली घेऊन ती खुर्चीवर बसली.

याचा अर्थ तिला कुणी सांगायला नको होता. साखरेच्या प्रत्येक रेणूला पाण्याचा एक रेणू घट्ट धरून बसलेला असतो. हाताला पूड कोरडी लागते, डोळ्याला कोरडी दिसते, बाटली हलवली तर वाळूसारखी वाजते. पण तराजूला ते पाणी कळतं. एक ग्रॅममध्ये एक्क्याण्णव मिलिग्रॅम नुसतं पाणी. म्हणजे साखर म्हणून तिनं तोललं त्यात साखर नऊशे नऊ मिलिग्रॅमच. माप फिकं झालं, आणि फिक्या मापाशी ताडलेलं प्रत्येक माणूस खरं होतं त्याहून दहा टक्के गोड निघालं. दोष मालाचा नव्हता. लेबल वाचून एक पूर्णांक एक दशांश ग्रॅम घेतलं असतं तर सगळं बिनबोभाट पार पडलं असतं. 'आधी लेबल वाच, मग चमचा घाल,' हे वाक्य तिनं अठ्ठावीस वर्षांत किती जणींना ऐकवलं होतं. कोठडीच्या दारावर ते चिकटवलेलंही होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

ते माप तोललं ती तारीख तिला रजिस्टरमध्ये बघायची गरज नव्हती. आदल्या संध्याकाळी भाच्याचा फोन आला होता.

भाचा म्हणजे अक्काचा मुलगा. अक्का तिची मोठी बहीण. मेहुणे गेले तेव्हापासून, म्हणजे अकरा वर्षं, अक्का तिच्याकडेच राहत होती. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, एक गॅलरी. अक्काला चहात तीन चमचे साखर लागे आणि साऱ्या इमारतीची खबर लागे. संध्याकाळी ही घरी आली की अक्का सुरू व्हायची: तिसऱ्या मजल्यावरचा नळ, समोरच्यांची सून, दूधवाल्याचा दुखरा गुडघा. ही ऐकत राही. हिच्याकडे सांगण्यासारखं काही नसे. एकदा हिनं सांगितलं, "आज एकाचं सोडियम एकशे बेचाळीस आलं." अक्का म्हणाली, "मग? चांगलं का वाईट?" "चांगलं." "हात्तिच्या! मग कशाला सांगतेस?"

भाचा त्या संध्याकाळी म्हणाला होता, आईला आता माझ्याकडे न्यायचं म्हणतोय, मुलगी लहान आहे, तिलाही आजी हवी. अक्कानं फोन ठेवून नुसतं म्हटलं, "बघू." त्या 'बघू'चा तोल दशांशताईला रात्रभर लागला नाही. आणि दुसऱ्या सकाळी, मनात तेच घोळवत, श्वास धरून, तिनं हिरव्या झाकणाच्या बाटलीतून बरोबर एक पूर्णांक शून्य शून्य शून्य शून्य ग्रॅम तोललं होतं.

पंधरा दिवसांनी अक्काला थकवा वाटायला लागला, तहान लागायला लागली. उन्हाळा होता, कुणालाही लागली असती. पण घरात लॅब असताना बाहेर कशाला विचारायचं? अक्का उपाशीपोटी येऊन रक्त देऊन गेली. एकशे चौतीस. एकशे सव्वीसच्या वर गेलं की आजार धरतात. चार दिवसांनी पुन्हा केलं: एकशे बत्तीस. दोन्ही वेळा नळी हिनं स्वतः लावली होती. भाचा आठवड्यात गाडी घेऊन हजर.

"मावशी, तू सकाळी आठला जाणार, सहाला येणार. हिची पथ्यं कोण बघणार? साखर लपवून खाईल ती."

"मी बघेन."

"कसं बघशील? आणि आकडा काय माझा आहे? तुझाच आहे ना."

अक्का दोन पिशव्या आणि रेडिओ घेऊन गाडीत बसली. "ए छोटी," काच खाली करून ती म्हणाली, "दूध आता अर्धंच घे गं, नासेल."

दूध तरीही नासत असे. पहिल्या आठवड्यात दोनदा असं झालं, की संध्याकाळी तिनं स्वतःच्या दाराची बेल वाजवली आणि कुणीतरी उघडेल म्हणून उभी राहिली. किल्ली पर्समध्ये होती; अकरा वर्षं तिचं कामच पडलं नव्हतं. मग सवय झाली. सवय म्हणजे काय, संध्याकाळी सहापासून सकाळी आठपर्यंत तोंडातून एक शब्द निघत नाही याची सवय. एका रविवारी ओटा पुसताना तिनं 'झालं' असं मोठ्यानं म्हटलं आणि आपलाच आवाज ऐकून दचकली.

आता बाटली हातात घेऊन बसल्या बसल्या तिनं पहिला हिशेब केला तो अक्काचा. एकशे चौतीस गुणिले पॉइंट नऊ शून्य नऊ. एकशे एकवीस पॉइंट आठ. दुसरा आकडा, एकशे वीस. दोन्ही रेघेच्या अलीकडे. अक्काला साखर नव्हतीच. सांभाळून राहायला हवं, चालायला हवं, बस. तिच्या छातीत काहीतरी एकदम सैल झालं, आणि त्या सैल होण्याची तिला पुढे कितीतरी दिवस लाज वाटली. कारण रजिस्टरमध्ये त्या सात आठवड्यांची चारशेच्या वर नावं होती, आणि तिला आठवलं होतं एकच.

मग दुसरा विचार आला. अक्काला फोन करायचा आणि सांगायचं काय? आकडा चुकला? भाचा म्हणेल, मावशीला करमेना, म्हणून आकडा फिरवला. त्याला पटवायचं तर कागद हवा, आणि कागद हवा तर वर लॅबच्या प्रमुख मॅडमकडे जायला हवं, रजिस्टर उघडायला हवं, चारशे लोकांसमोर सांगायला हवं की दशांशताईनं लेबल वाचलं नाही. अक्का परत यायची तर आपला शब्द मोडायचा. आणि मोडलेल्या शब्दावर अक्कानं यावं तरी कशाला?

दुसरी वाट होती. सिंक दोन हातांवर होतं. जुन्या स्टँडर्डचे चार थेंब ओतून टाकायचे, कंट्रोलचा साठा 'खराब झाला' म्हणून फेकायचा, आजपासून सगळं बरोबर. डासबाईला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मॅडम फक्त सही करत. अठ्ठावीस वर्षांत मिळवलेलं एवढं एकच होतं तिच्याकडे. घर भाड्याचं होतं.

ती रजिस्टर काखेत मारून लिफ्टपाशी गेली. मॅडमचं ऑफिस चौथ्या मजल्यावर होतं. तिथेच जायचंय असं तिनं अजून ठरवलं नव्हतं. लिफ्टवाल्यानं दार ओढलं. हा स्टुलावर बसून वर्षानुवर्षं बटणं दाबणारा, प्रत्येक मजल्यावर एक विनोद ठरलेला. आज पहिला मजला गेला, दुसरा गेला, तो गप्प.

"बरं नाही का?" तिनं विचारलं.

"बरंच आहे की. तुमच्या आकड्यानं गोळी लागली, तेव्हापासून अकरा वाजले की हातपाय थरथरतात नुसते. घाम फुटतो. डॉक्टर म्हणतात, अंगवळणी पडेल." मग तिला वाईट वाटू नये म्हणून हसला. "तुमचा काय दोष, ताई? तुम्ही मोजलंत तेवढंच. गोड तर मी खाल्लं."

तिला त्याचे आकडे पाठ होते. एकशे एकोणतीस आणि पुन्हा एकशे एकोणतीस. खरे एकशे सतरा.

"आज गोळी घेतलीत?"

"सकाळीच."

"काहीतरी खाऊन घ्या. आत्ता. आणि उद्याची घेऊ नका, मी निरोप पाठवेपर्यंत." चौथा मजला आला होता. "लिफ्ट राहू दे. लोक जिन्यानं जातील."

मॅडम टेबलावरच्या कागदांतून वर बघेपर्यंत तिनं रजिस्टर उघडून ठेवलं होतं, शेजारी हिरव्या झाकणाची बाटली, लेबल त्यांच्याकडे करून. ती उभ्याउभ्याच बोलली. चार वाक्यंच लागली.

मॅडमनी चष्मा काढून लेबल डोळ्यांजवळ नेलं.

"हे तुम्ही केलंत?" त्या म्हणाल्या. प्रश्नात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं, आणि ते जास्त लागलं. "दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं असतंत तर मी लगेच मानलं असतं."

"मीच केलं."

"कसं झालं?"

"लेबल वाचलं नाही." याच्या मागचं तिनं काही सांगितलं नाही. रजिस्टरमध्ये त्याचा रकाना नव्हता.

"किती जणांचा निकाल बदलतो?"

"रेघेच्या जवळचे एकोणीस. त्यातल्या सहा जणांना औषध सुरू झालंय. आधीपासून साखर असलेल्यांपैकी पाच जणांचा डोस वाढवलाय, ते वेगळे."

"तुम्ही हे सगळं आत्ता मोजलंत?"

"लिफ्टपर्यंत येताना निम्मं झालं होतं."

मॅडमनी कपाळ चोळलं. "सगळ्यांना बोलावून घ्या. डॉक्टरांना मी कळवते. आणि ताई, महिनाभर तुमच्या रिपोर्टवर आणखी एक सही लागेल. मला ठेवावी लागेल. समजून घ्या."

"ठेवायलाच हवी," ती म्हणाली. तिनंही तेच केलं असतं.

दिवसभर ती आणि डासबाई फोनला चिकटून होत्या. डासबाई म्हणाली, "तू नंबर फिरव, बोलते मी. तू बोललीस तर लोक घाबरतील, तुझा आवाज रिपोर्टसारखा आहे." आणि खरोखरच तिनं किल्ला लढवला. एक बाई फोनवर अर्धा तास शिव्या देत होत्या. डासबाई मधून मधून म्हणे, "बरोबर आहे हो तुमचं," आणि शेवटी त्या बाईंनाच हिची दया आली. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "म्हणजे मी आज गोड खाऊ?" त्यांचा आकडा दुरुस्त करूनही एकशे साठ होता. "तुम्ही नाही, आजोबा," डासबाई म्हणाली, "तुमचं पाप धुऊनही उरलं."

"तू रागावली नाहीस?" दशांशताईनं दुपारी तिला विचारलं.

"कशाला? मी चारदा शीर शोधते तेव्हा तू रागावतेस का?" मग थोड्या वेळानं, पाठ फिरवून, नळ्या लावता लावता, "एक सांगू? आज पहिल्यांदा वाटलं, तू पण आमच्यातलीच."

हे बोलणं प्रेमाचं होतं, हे तिला कळत होतं. तरी ते कुठं ठेवावं हे तिला समजेना.

संध्याकाळी घरी आल्यावर तिनं चपलासुद्धा काढल्या नाहीत. मॅडमच्या सहीचा कागद मांडीवर उलगडला, वाक्यं मनात जुळवली आणि भाच्याच्या घरी फोन लावला. फोन त्यानंच उचलला.

"मावशी? काय गं, सगळं ठीक?"

"आईचा आकडा चुकला होता. माझ्या हातून." ती भराभरा बोलली, अडखळली तर थांबेल या भीतीनं. "तिला साखर नाही. एकशे बावीसच्या आसपास असेल. लेखी आहे माझ्याकडे, मॅडमची सही आहे, मी पाठवते. तुला खरं वाटत नसेल तर तिथल्या लॅबमध्ये कर, उपाशीपोटी, बारा तास..."

"मावशी."

"मला करमत नाही म्हणून नाही सांगत मी."

"मावशी, थांब. इथे आल्यावर दहाव्या दिवशीच केलं होतं आम्ही. एकशे एकवीस आलं. इथले डॉक्टर म्हणाले, औषधाचं काही नाही. आईनं तुला सांगितलं नाही?"

तिच्या कानात फोन गुणगुणत राहिला. आत कुठेतरी लहान मूल ओरडत होतं आणि रेडिओ लागलेला होता, तोच, मधेच खरखरणारा.

"दे तिला," ती म्हणाली.

अक्का आली. पाऊल ओढत आली ते फोनमधूनही ऐकू आलं.

"छोटे."

"दहाव्या दिवशी कळलं तुला. दोन आठवडे झाले, अक्का."

"हो गं."

"मला का नाही सांगितलंस?"

"कुठल्या तोंडानं सांगू? तुझा आकडा चुकला म्हणून? लोक देवाची आण घेतात तशी तुझ्या आकड्याची घेतात. मी म्हटलं, चुकला एखादा, कुणाला कळतंय. झाकली मूठ..."

"दोन आठवडे आणखी चुकीचे आकडे गेले लोकांना! तू एक फोन केला असतास तर तेव्हाच कळलं असतं मला. एका माणसाचे हातपाय थरथरतायत तिकडे." तिला एवढ्या मोठ्यानं बोलल्याचं आठवत नव्हतं. भिंतीवरून आवाज परत आला.

"मला काय माहीत, बाई, एकाचा चुकला की सगळ्यांचा चुकतो?" अक्का रडवेली झाली. "मला वाटलं, माझाच तेवढा."

तेही खरंच होतं. अक्काला कोण सांगणार, माप एकच असतं म्हणून. अकरा वर्षांत हिनंही तिला ते कधी समजावलं नव्हतं. रोग्यांच्या नातेवाइकांना चार वाक्यांत समजावणारी ती.

"मग आता..." ती म्हणाली, आणि कागदाची घडी परत घातली. "आता पथ्याचं काही नाही. तू कधी..."

पलीकडे मूल ओरडायचं थांबलं होतं. बहुतेक अक्काच्या पायाशी येऊन उभं होतं.

"न सांगायचं ते एकच कारण नव्हतं गं," अक्का हळू म्हणाली. "सांगितलं असतं तर परत यावं लागलं असतं. आणि ही पोर मला सोडत नाही. सकाळी उठल्याबरोबर येते, माझ्या पांघरुणात शिरते. तुझ्याकडे मला काही कमी नव्हतं हो. पण तू गेलीस की संध्याकाळपर्यंत मी भिंतींशीच बोलायची. ती सगळी इमारतीची खबर, ती मी कशाला गोळा करायची? तू आल्यावर घरात काहीतरी आवाज असावा म्हणून."

दशांशताई ऐकत होती. ऐकणं तिला येत होतं.

"रागावलीस?"

तिनं विचार केला. खरं उत्तर द्यायचं तर वेळ लागणार होता, रात्रभर तरी ठेवून द्यावं लागणार होतं.

"तिथं रक्त दिलंस ते उपाशीपोटीच ना?" तिनं विचारलं.

"हो, बाई. रात्री आठनंतर पाणीसुद्धा नाही."

"पाणी चालतं."

"ते तू सांगितलंच नव्हतंस कधी."

"आता सांगितलं," ती म्हणाली. "चाल रोज. अर्धा तास. आणि चहात एकच चमचा."

"दीड."

"एक, अक्का."

फोन ठेवल्यावर तिनं चपला काढल्या, दारापाशी नीट जोडून ठेवल्या. मग रजिस्टरमधून उतरवून आणलेली यादी टेबलावर पसरली. एकोणीस नावं, समोर जुना आकडा, समोर दुरुस्त केलेला. दुरुस्ती नुसत्या कागदावरची होती. खात्री म्हणून दुसऱ्या कुठल्या तरी लॅबचा एखादा आकडा हाती असता तर बरं, असं मॅडम जाताना म्हणाल्या होत्या. अक्काच्या ओळीत एकशे एकवीस पॉइंट आठ आणि एकशे वीस पॉइंट शून्य लिहिलेलं होतं. त्यापुढे तिनं पेन्सिलीनं लिहिलं: बाहेरची तपासणी, एकशे एकवीस.

एका मिलिग्रॅमच्या आत. एवढ्या जवळ सहसा येत नाही.

"जुळलं," ती मोठ्यानं म्हणाली, आणि या वेळी दचकली नाही.